चुकलेली गोळी कुठे जाते

१३ नोव्हेंबर १९८७, शुक्रवार

आले एकदाची कॅम्पवर! लग्नाला तीन महिने झाले, पण सारेला घराण्याची सून झाल्यासारखं आज पहिल्यांदा वाटलं. लौरी म्हणतो, आमच्याकडे लग्न चर्चमध्ये लागतं आणि पक्कं होतं ते हरणांच्या शिकारीच्या हंगामात.

लाकडी खोली एकच. झोपायचे चार बंक, मधोमध शेगडी, मागे वाफेच्या आंघोळीचा सौना, पलीकडे गोठायला लागलेलं तळं. मी येताना मांस-बटाटा भरलेल्या दोन डझन पेस्ट्या भाजून आणल्या. सासऱ्यांनी एक खाल्ली, मग न बोलता दुसरी घेतली. लौरी माझ्या कानात म्हणाला, झालीस तू पास, कोरी. तो वडिलांना इसा म्हणतो. मीही आता इसाच म्हणते.

एका भिंतीवर शर्टांच्या शेपट्या खिळ्यांनी ठोकल्या आहेत. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाची मागची शेपटी कापायची, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि ठोकून द्यायची, ही इथली रीत. बऱ्याचशा आता हयात नसलेल्या काका-मामांच्या. लौरीची एकही नाही, हे त्याने मला तीन वेळा सांगितलं. इसांची एक आहे : आर्विड, १९७६.

१४ नोव्हेंबर, शनिवार

उद्या हंगाम सुरू होतो. आज दिवसभर माझी शाळा. माहेरी, फ्लिंटला, वडिलांनी मला डब्यांवर नेम धरायला शिकवलं होतं, धाकटा भाऊ वेस आणि मी पैजा लावायचो. इसा म्हणाले, डबा मागे वळून बघत नाही.

सगळं लिहून ठेवते. वारा तोंडावर घ्यायचा. हरणाचं डोकं वर असेल तर पापणीही हलवायची नाही, त्याचा डोळा झाडामागे गेला की मगच रायफल उचलायची. सेफ्टीचा खटका दोन बोटांत धरून हळू सरकवायचा, थंडीत तो टाळीसारखा वाजतो. शिंगांकडे बघायचं नाही, बघितलं की गेलं. खांद्यामागची मूठभर जागा बघायची. मधे काटकी आहे का ते बघायचं. चाप ओढायचा नाही, दाबत न्यायचा. आणि गोळी सुटली तरी मान वर करायची नाही.

शेवटी म्हणाले, “खात्री नसेल तर गोळी झाडू नकोस. रिकाम्या हाताने परत आलीस तर मी तुला डोक्यावर घेऊन नाचेन.”

लौरी हसला. म्हणाला, इसा अकरा वर्षं रिकाम्या हातानेच परत येतायत, त्यांना सोबत हवीय. इसा हसले नाहीत. त्यांनी मला तळ्याकाठचं मचाण दिलं. लौरी कुरकुरला, की तिकडे हरीण फिरकत नाही, बिचारी थंडीने मरेल. इसा म्हणाले, तिथेच बसू दे.

१५ नोव्हेंबर, रविवार

चुकले! आणि काय चुकले!

साडेसात वाजून गेले होते. बर्फ भुरभुरत होता. मी मचाणावर पेस्टी कोटात ऊब धरावी म्हणून पोटाशी दाबून बसले होते. देवदारांतून एक नर बाहेर आला, साठ पावलांवर. केवढा! अंगाने राखाडी, म्हातारा, डावं शिंग मुळाशी तुटलेलं. मी सगळं विसरले. खटका वाजला. त्याने मान उचलून थेट माझ्याकडे बघितलं आणि मी त्या एका शिंगाकडे बघत राहिले. चाप खस्सकन ओढला. तो पळाला नाही. शांतपणे वळला आणि चालत गेला.

मी घड्याळ बघितलं, सात बेचाळीस. इसाच म्हणाले होते, झाडल्यावर वेळ बघून ठेव, जखमी असेल तर अर्धा तास थांबून माग काढायचा. रक्त नव्हतं. मागच्या झाडांवर गोळीची खूणही सापडली नाही.

लौरीने मोठ्या थाटात कात्री काढली. मी ओरडत होते, तो पाठीमागून शर्ट कापत होता, इतकं हसलो की शेगडीवरची कॉफी उतू गेली. इसा दारातून आत आले, त्यांनी ते कापड बघितलं आणि खाली बसले. कसा होता, एवढंच विचारलं. मी तुटलेल्या शिंगाचं सांगितलं. मग त्यांनी किती वाजता ते विचारलं, आणि फ्लिंटला माझं कोण कोण असतं तेही.

१६ नोव्हेंबर, सोमवार

इसांनी सकाळी मला चार मैलांवरच्या दुकानात नेलं, घरी फोन कर म्हणून आग्रह. वेसने उचलला. तोच या दुकानात माझ्यासाठी निरोप ठेवायच्या बेतात होता. माझी कुत्री निकेल गेली. लग्नानंतर घर मिळेपर्यंत तिला त्याच्याकडे ठेवली होती. काल सकाळी अंगणात खेळता खेळता एकदम कोलमडली. अंगावर खरचटलेलंही नाही. नऊ वर्षांची होती. दुकानात सगळ्यांसमोर रडले.

इसांनी गाडीत विचारलं, किती वाजता गेली. मी म्हटलं, वेस म्हणाला पावणेआठच्या सुमारास. त्यांनी गाडी बाजूला घेतली. मग म्हणाले, आता तू कॅम्पवरच थांब, स्वयंपाक बघ. मला राग आला. एक नेम चुकला म्हणून काय चुलीपाशी बसू?

१८ नोव्हेंबर, बुधवार

लौरीला सांगून गेले, इसांना न सांगता. निकेलचं दुःख होतं, घरात बसवेना. आणि खरं सांगायचं तर तो नर हवा होता.

तो आला. तीस पावलांवर. मी या वेळी काही चुकले नाही. वारा तोंडावर. खटका वाजला नाही. तो झाडामागे गेला तेव्हाच रायफल उचलली. शिंगाकडे बघितलं नाही. मधे काटकी नव्हती. चाप दाबत नेला.

आणि शेवटच्या क्षणी मान वर केली. पडला का ते बघायला. केसभरच.

तो उभाच. आठ वाजून दहा मिनिटं. वळून जाताना त्याला घाई नव्हती.

इसा आवाज ऐकून बर्फातून धावत आले, सत्तर वर्षांचा माणूस, टोपी कुठेतरी पडलेली. त्यांनी माझ्या हातातून रायफल काढून घेतली. संध्याकाळपासून वादळ. रस्ता बंद.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

आज दुकानवाली व्हर्ना बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलवरून आली. टोपी हातात घेऊन दारात उभी राहिली.

वेस.

बुधवारी सकाळी कारखान्याच्या आवारात गाडीतून उतरला, छातीवर हात ठेवला, खाली बसला. चोवीस वर्षांचा. डॉक्टरांना काही सापडलं नाही, हृदयही धडधाकट. किती वाजता, हे मी विचारलं नाही. इसांनी विचारलं. पहिल्या पाळीचा भोंगा आठला होतो, त्याच्यानंतर थोड्या वेळाने, असं व्हर्ना म्हणाली.

आईवडील केव्हाच गेले. वेसला मीच वाढवला.

लौरी गाडी काढायला गेला. चाकं बुडाली आहेत, रस्त्यावर पाइनचं झाड आडवं पडलंय. बर्फ थांबत नाही, व्हर्ना म्हणते दुकानापुढचा हमरस्ताही बंद आहे. मला माझ्या भावाला मातीही देता येणार नाही.

२१ नोव्हेंबर, शनिवार

इसा बोलले. जेवणाच्या टेबलावर, लौरीसमोर.

१९७६ साली याच नरावर त्यांचा नेम चुकला. हाच, तुटक्या शिंगाचा. हरणं इतकी जगत नाहीत, हे त्यांनाही कळतं. दुपारी गावातून निरोप आला, की ऐनी गेली. लौरीची आई. पीठ मळताना पडली. गोळी सुटली त्याच वेळी.

म्हणाले, “त्याच्यावर झाडलेली गोळी झाडात जात नाही पोरी. ज्याने झाडली त्याच्या माणसाकडे जाते.”

तेव्हापासून ते रायफल भरत नाहीत. दर वर्षी येतात ते लौरीवर नजर ठेवायला. त्याला हरीण दिसलं की खोकतात, काटकी मोडतात. लौरीला वाटायचं, म्हातारा झाला. सांगितलं असतं तर मुलाला सांगावं लागलं असतं, तुझी आई मी मारली. मला तळ्याकाठी बसवलं, कारण तिकडे तो कधीच आला नव्हता.

मी त्यांना शिव्या द्यायला हव्या होत्या. सुचलं नाही. माझ्या मनात एकच होतं, मी मान वर केली. केसभर.

लौरी उठून बाहेर लाकडं फोडत राहिला. गरजेपेक्षा कितीतरी जास्त.

२२, रविवार

सकाळी तो कॅम्पसमोरच्या मोकळ्या जागेत उभा होता. पंधरा पावलं. खिडकीकडे बघत. तासभर.

इसांनी तिन्ही रायफलींचे बोल्ट काढले, त्यांच्याशिवाय रायफल म्हणजे नुसती काठी, आणि तळ्यावरचा बर्फ फोडून पाण्यात टाकले. लौरी बघत होता. मला ते बघणं आवडलं नाही.

मी म्हटलं, बर्फ थांबला की चालत निघू. लौरी म्हणाला, हो. हात मात्र माझ्या हाती दिला नाही.

२३

पुन्हा तिथेच. पायाखालचा बर्फ तुडवून काळा झालाय. रात्रभर असणार.

लौरी वडिलांशी बोलत नाही. दुपारी एकदाच बोलला. “मी कधी चुकलेलो नाही,” म्हणाला. इसा म्हणाले, मीही चुकलो नव्हतो. तोपर्यंत.

लौरीने मला जवळ घेतलं. म्हणाला, याला पाडला की संपलं, कोरी. वेससाठी. आईसाठी. मी त्याच्या पाया पडले — अक्षरशः, जमिनीवर. तो नाही जाणार म्हणाला. शपथ घेतली.

२४, सकाळ

लौरी बंकवर नाही.

गाडीतल्या सीटमागे आजोबांची जुनी रायफल असते. मला माहीत नव्हतं. इसांना माहीत होतं, ते विसरले. अकरा वर्षं सगळं लक्षात ठेवलेला माणूस एवढंच विसरला.

इसा कोट न घालता त्याच्या मागे गेले. मला म्हणाले, आतच थांब, दार लाव.

बर्फ थांबलाय. सगळं स्वच्छ दिसतं. मोकळी जागा रिकामी. पावलांचे ठसे टेकडीकडे — हरणाचे, लौरीचे, इसांचे.

लिहीत राहते. लिहिलं की दार उघडून धावावंसं वाटत नाही.

लौरीची माणसं कोण? मोजून झालं. इसा आणि मी. दोघंच.

तो चुकत नाही. कधीच चुकला नाही. वारा टेकडीवरून खाली येतोय, म्हणजे त्याच्या तोंडावर. तो मान वर करणार नाही. मी त्याला दहा वेळा सांगितलंय ती केसभरची —

इसा परत येताना दिसतायत. एकटेच. टेकडीच्या पायथ्याशी. त्यांना लौरी सापडला नाही. हात हलवून काही सांगतायत —

आवाज.

एकच. लौरीची गोळी.

लागली असेल. लागली —

टेकडीच्या माथ्यावर तो उभा आहे. एक शिंग. चालतोय. घाई नाही.

इसा थांबलेत. मी त्यांच्याकडे बघतेय. पडू दे — देवा, हे मी काय लिहितेय — ते पडत नाहीत. उभेच आहेत. छाती चाचपतायत. काही नाही. त्यांना काही झालं नाही.

आता खिडकीकडे बघतायत. माझ्याकडे. ते धाव