जबड्याचा तास

सोम., ३ फेब्रु. कल्याण.
दुपारी ठाण्याच्या हॉस्पिटलातून परतले. गालातली गाठ डिसेंबरात काढली. किरणोपचार अजून चालू. आज तिथल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने तोंड उघडायला लावले. स्वतःची तीन बोटे उभी मावायला हवीत. माझी दोनच, तीही ओढून.
"व्यायाम करत नाही का?"
म्हटले, उच्चार बिघडलेत म्हणून मौन पाळते आहे. घसा बसला की आम्ही शिक्षक आयुष्यभर हेच करत आलो. कोमट पाणी आणि मौन.
"घसा वेगळा, जबडा वेगळा. वापरला नाही तर आखडेल, मग जेवण नळीने. घरी बोलता ना कोणाशी?"
फाइल उचलून निघाले.

मंगळ., ४ फेब्रु.
कारण समजले की कामाला हुरूप येतो. किरणांनी स्नायू ताठरतात. रोज ताणले तरच लवचिक राहतात. सांधा कानाच्या अगदी पुढे. तिथे बोट ठेवून 'आ' केला, तर हाड नुसते फिरत नाही, पुढे सरकतेही. किती सुबक रचना! हे कोणाला तरी दाखवावेसे वाटले.
आइस्क्रीमच्या चपट्या काड्या उकळून घेतल्या. एकीवर एक रचून दातांत धरायच्या. ताण हवा, कळ नको. मग जबडा डावीकडे, उजवीकडे. मग मोठ्याने बोलणे. पहिले दोन प्रकार झाले. तिसऱ्याला विषय सुचेना.
बंगळुरूहून लेकीचा, मुग्धाचा, फोन. उचलला नाही. 'बाहेर आहे' असा मेसेज. ऑपरेशनला येऊन गेली. तिला वाटते, आता सारे सुरळीत. बोलणे स्पष्ट झाले की मगच...

शुक्र., ७ फेब्रु.
भिंतीकडे तोंड करून आठवीचा पचनसंस्थेचा पाठ घेतला. लाळेचे कार्य सांगताना माझ्याच तोंडाला कोरड. शेजारच्या पाटीलवहिनी दारात.
"कोण आलंय हो बाई?"
"कोणी नाही."
"मग शिकवत कोणाला होतात?"
"भिंतीला."
"पास होईल का?"
हसू आले, गाल ओढला गेला. त्यांना आंबिवलीला माहेरी जायचे होते, पेजेचा डबा देऊन लगेच निघाल्या. पाठ अर्धाच राहिला.

रवि., ९ फेब्रु.
आज एक काडी जास्त मावली! त्या भरात मु.चा फोन उचलला.
"हॅलो? पाटीलकाकू, जरा आईला द्या ना."
"मीच."
"कोण?"
"मीच गं, मुग्धा."
मग, "आई, पुन्हा बोल."
समजावून सांगू लागले. स्नायू, सांधा, काड्या, क्रमाने. शब्द चिकटत होते. तिने मध्ये तोडले नाही. शेवटी एवढेच, "हे असं कधीपासून?"
ते मात्र क्रमाने सांगता येईना.

सोम., १० फेब्रु.
मु.चा मेसेज: उद्या व्यायामाच्या वेळी व्हिडिओ लाव. मला बघू दे.
'बघू' असे कळवले.
फोन तांब्याला टेकवून पाहिला. सुजलेली बाजू नेमकी उजेडात येते. खुर्ची फिरवली, तर चेहरा ठीक, पण काड्या दिसत नाहीत. आणि काड्या दिसल्याशिवाय तिला समजणार कसे?
खुर्ची अजून तिरकीच आहे.