दोन मशीन, एकच नंबर

४ मार्च, मंगळवार

ताईंचं रिमोट कनेक्शन आज परत तुटलं. परत!

न्हाणीघरात पाय घसरून पडल्यापासून त्यांना जिना चढता येत नाही. त्या आमच्या ऑफिसात नकाशे काढतात; त्यांचं मोठं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ऑफिसचं नेटवर्क माझ्याकडे, म्हणून मीच खाली दाराजवळ टेबल लावून दिलं, लॅपटॉप दिला. खाली बसायचं आणि ऑफिसच्या नेटवर्कवरून वरचं मशीन चालवायचं. आधी सुरळीत चाललं, साहेबांनी माझं कौतुकही केलं. आता गेल्या आठवड्यापासून ही कटकट.

मी माझ्या जागेवरून वरच्या मशीनला हाक मारून पाहिली – पिंग केलं. उत्तर लगेच आलं. म्हणजे मशीन जागेवर, लाइन ठीक. मग ताईंना म्हटलं, "तुमच्याकडून काहीतरी चुकीचं दाबलं जातंय, ताई."

सगळ्यांसमोर म्हटलं. त्या चष्मा पुसत बसल्या.

५ मार्च

केबल बदलली. नेटवर्कच्या स्विचवरची जागा बदलली. फायरवॉल पाहिली, त्यात काही नाही. लहान पोरीला उभं करावं तसं ताईंकडून पासवर्ड माझ्यासमोर टाइप करून घेतला. बरोबर टाकला, मशीन उघडलं. मी जागेवर पोचते न पोचते तोच – तुटलं. पिंग केलं, उत्तर आलं.

वर जाऊन त्यांचं मशीन बघायला हवं होतं. कंटाळा केला. खरं सांगायचं तर गरजच वाटली नाही.

७ मार्च, शुक्रवार

साहेबांनी बोलावून विचारलं, भानगड काय आहे. मी म्हटलं, सिस्टीम ठीक आहे, वापरणाऱ्याकडून होतंय. किती सराईतपणे आलं ते वाक्य! ते म्हणाले, वय झालं आता त्यांचं. मी मान हलवली. नको होती हलवायला. पण माझं प्रोबेशन संपायचंय, आणि "तुमच्या नेटवर्कमध्ये काहीतरी आहे" हे ऐकायची माझी तयारी नव्हती.

१० मार्च, सोमवार

सुट्टी. दाढ काढली. गाल भोपळ्याएवढा.

११ मार्च

सकाळी ताई खुशीत. काल दिवसभरात एकदाही तुटलं नाही म्हणे. "तू नव्हतीस तर बघ कसं शहाण्यासारखं चाललं!" सगळे हसले. मीही अर्ध्या तोंडाने हसले.

जागेवर येऊन बसले आणि हसू गेलं. काल मी नव्हते म्हणजे काय नव्हतं?

बॅकअपचा डबा नव्हता. गेल्याच महिन्याच्या शेवटी आणलेला, सगळ्यांच्या फायली साठवणारा. तो रोज सकाळी मी चालू करते आणि काम झालं की बंद. काल कुणी हात लावला नाही. नेटवर्कवर प्रत्येक मशीनला स्वतःचा नंबर लागतो, घराला असतो तसा. डब्याचा नंबर मी हाताने टाकला होता, घाईत, यादी न बघता. आज काढून पाहिला – तोच! ताईंच्या मशीनचा!

म्हणजे डबा चालू असला की ताईंची लाइन मधेच भलत्याच दारात जायची. आणि मी पिंग करायचे तेव्हा उत्तर द्यायचा तो डबा. त्याच्या जोरावर मी त्यांना शहाणपण शिकवत होते.

डब्याचा नंबर बदलला. दोन मिनिटांचं काम. ताईंना जाऊन सांगितलं, काहीतरी अपडेट अडकलं होतं, झालं आता.

अपडेट! लाज नाही वाटली.

१२ मार्च

दिवसभर एकदाही तुटलं नाही. ताईंनी दोनदा आभार मानले.

१३ मार्च, गुरुवार

दुपारी चहा घेऊन ताईंकडे गेले. सांगायचंच असं ठरवून. पण त्याच आधी बोलायला लागल्या. त्यांच्या आईला याच वयात विसरण्याचा आजार जडला होता. शेवटी पोटच्या पोरांना ओळखेना.

"तू म्हणालीस ना, काहीतरी दाबलं जातंय. मी किती आठवायचे, काय दाबलं. काही केल्या आठवायचं नाही गं."

म्हणून शनिवारी मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. एकट्याच, घरी न सांगता. तपासण्या झाल्या, सोमवारी रिपोर्ट. नदीकाठचा मोठा नकाशाही साहेबांना सांगून दुसऱ्याकडे दिला – उगाच माझ्या हातून वाटोळं नको, म्हणाल्या.

न दाबलेलं आठवणार कुठून? हे मी तिथंच सांगायचं होतं. कप घेऊन परत आले.

१४ मार्च

नवऱ्याला सगळं सांगितलं. रागावला नाही. नोकरी गेली तर बघू म्हणाला, पण त्या बाईला असं झुरत ठेवू नकोस. शरमेने मेल्यासारखं झालं. शनिवार-रविवार कसे जाणार?

१७ मार्च, सोमवार

ताई रजेवर, रिपोर्ट आणायला गेल्यात. मी साहेबांसमोर उभं राहून सांगितलं. चूक माझी, आणि कळल्यावर लपवलं तेही मीच. त्यांनी प्रोबेशन वाढवलं. नकाशा ताईंकडे परत द्यायचं कबूल केलं. एवढ्यावर भागलं.

ताईंना फोन लावला, उचलला नाही. बरंच झालं. समोर बसून सांगेन – ताई, तुमचं डोकं ठणठणीत आहे!

१८ मार्च

सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काल रिपोर्ट आला. आईच्याच आजाराची सुरुवात झालीय म्हणे. तू बोलली नसतीस तर मी गेलेच नसते."

माझा हात धरून ठेवला. "पण ते रिमोट तुटायचं ते तुझ्यामुळे ना? नक्की? सगळंच्या सगळं?"

"सगळं, ताई."

"परत सांग."

मी परत पहिल्यापासून सांगितलं.