अब्बांच्या नावाचं बक्षीस

पांढरकवडा,
१४ ऑक्टोबर १९६१

प्रिय जहीर,

तब्येत कशी आहे, एडनची हवा कशी आहे, हे काही आज विचारत नाही. मले राग आला आहे अन् तो उतरायच्या आत हे लिहून टाकायचं आहे. मराठीत लिहून राह्यली, कारण अब्बाले उर्दू वाचता येते, आपली शाळेतली मराठी येत नाही. तं ऐक. अब्बा दुकान विकून राह्यले. हाव, आपलंच, सायकलीचं, जिथं तू पान्हा धरायले शिकला. मारेगावचा नागोराव घेतो म्हणाला. त्याच्या कापसाचे पैसे हाती आले की तो इसार देणार, मग आपल्या हाती काही राहत नाही.

कायले विकून राह्यले तेही सांगते. होळीनंतर विलायतहून एक पाकीट आलं. जाड कागद, वर सोनेरी मोहोर, आत सगळी इंग्रजी. अब्बानं ते शीलाबाईकडून वाचून घेतलं, आपल्याले शाळेत शिकवत होत्या त्याच. लिहिलं होतं की शेख रहेमान यांच्या नावच्या तिकिटाले घोड्यांच्या शर्यतीच्या लॉटरीत मोठं बक्षीस लागलं, फक्त कराची रक्कम आधी भरा. भरायची कुठं, तं मुंबईच्या एका लॉजमधल्या एजंटाले मनिऑर्डरनं. बक्षीस राणीच्या देशातलं अन् कर लॉजच्या खोलीत! बाई तिथंच म्हणाल्या, रहेमानभाई, हे ठगाचं काम दिसते, बक्षीस देणाऱ्याले तुमच्याकडून पैसे कायले पायजेत, त्यातूनच कापून घेईल ना तो. अब्बानं कागद घडी करून खिशात घातला अन् तरातरा घरी आले. बाईले साधं शुक्रियासुद्धा म्हटलं नाही.

मग तो कर भरायले दुकानातल्या भाड्यानं द्यायच्या गॅसबत्त्या विकल्या. सगळ्या. तेही ऐन लग्नसराईत. केळापूरचे लोक वरातीसाठी बत्त्या मागायले आलते, त्याईले अब्बानं तसंच परत पाठवलं, वर हसून सांगतलं की आता बत्ती काय घेऊन बसले, पुढच्या साली विजेची रोषणाई करून देतो. अम्मी आत चुलीपाशी बसून ऐकत होती. तिनं भाकर जळू दिली.

पैसे गेले अन् तिकडून सगळं चूप. पावसाळा सरता सरता दुसरं पाकीट आलं. म्हणे रक्कम जहाजानं निघायची आहे, आता विम्याचे पैसे भरा. हा आकडा दुकान विकल्याशिवाय निघत नाही. मी अब्बाले ओढत पोस्टात घेऊन गेली. पोस्टमास्तर नरहरपंत भले माणूस, त्याईनं खुर्ची दिली, समजावून सांगतलं की परदेशातून मनिऑर्डर आली तं घेणाऱ्यानं सही करायची, पैसे भरायचे नसतात. बँकेचा ड्राफ्ट आला तरी तो ज्याच्या नावाचा त्याच्याच खात्यात जमा होतो, मधे कोणी एजंट नसते. अब्बा बाहेर आले अन् मले म्हणतात, नोकरीतला माणूस आहे, दुसऱ्याचं भलं त्याले पाहवत नाही. मी भर रस्त्यात कपाळावर हात मारून घेतला.

त्या भामट्याईले आपलं नाव कुठून भेटलं हे कोणी विचारूच नये. तुझं प्रत्येक पत्र अब्बा बाबुलालच्या हॉटेलात मोठ्यानं वाचतात. तू कोणत्या गॅरेजात आहे, कोणती मोटर खोलली, कधी किती पाठवलं, हे बसमधून उतरणाऱ्या परक्या माणसालेही ठाऊक. किती वेळा भांडली मी त्यावरून! पण पोरगा एडनले आहे हे सांगताना त्यांची मान कशी ताठ होते, ते तू पाह्यलं नाही.

आता एक विचार कर. ज्या माणसानं जत्रेत तुले चक्रीवर एक आणा लावू दिला नाही, जुगार हराम म्हणून कान पिळला, तो लॉटरीच्या मागे काहून लागला? तिकीट त्यांनी घेतलं नाही हे त्याईले माहीत आहे. त्यांच्या मते तू घेतलं. मागच्या सालच्या ईदपासून तुझा एक पैसा आला नाही, जहीर. हॉटेलात लोक विचारत, अन् अब्बा चहा गार होईपर्यंत कपाकडे पाहत बसत. त्या पाकिटानं त्याईले जबाब दिला. पोरगा विसरला नाही, पोरानं सारे पैसे बापाच्या नावच्या तिकिटात घातले. शीलाबाई काय अन् पोस्टमास्तर काय, हे त्यांच्या डोक्यातून कोण काढणार?

तू काढू शकत होता. अब्बानं तुले सरळ विचारलं होतं. अन् तू काय लिहिलं? दुआ करा, नशिबात असेल तं भेटेल. घेतलं म्हणाला नाही, नाही घेतलं असंही म्हणाला नाही. बापाले आयतं कारण सापडलं, तं तू त्याच्या आड लपून बसला. ते पत्र हॉटेलात वाचून झालं अन् दुसऱ्या दिवशी अब्बा नागोरावाकडे गेले. बत्त्या ठगाईनं नेल्या. दुकान तू नेऊन राह्यला.

मी पैसे मागायले लिहिलं नाही. कधी पाठवावेसे वाटले तं बँकेनं पाठव, कोणाच्या हाती देऊ नको. तिथं घर केलं असशील, बायको असेल, तं तेही लिही, अम्मी दोन दिवस रुसेल अन् मग सुनेचं नाव विचारेल. पण आजच्या आज अब्बाले उर्दूत, तुझ्या हातानं लिही की तिकीट मी घेतलं नव्हतं, पैसे पाठवले नाहीत ते माझ्या संसारात गेले. दुसऱ्या कोणाचं ते ऐकत नाहीत. वाचून ते रडतील. रडू दे. सकाळी उठून दुकान तं उघडतील.

तुझीच बहीण, अजून रागातच असलेली,
अकीला