भर थंडीत घर गार करणारी डबी

तीर्थरूप दादास,
धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार.

देवाच्या कृपेने इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे. पण ह्यांच्या नाकाला धार लागली आहे, सासूबाईंचे गुडघे धरले आहेत आणि मी हातमोजे घालून लिहिते आहे, तेव्हा देवाला उगीच साक्षीला बोलावत नाही. तुझा खोकला कसा आहे? वहिनीला सांग, तिची लोकर फार कामी आली.

पत्राला कारण तू पाठवलेलं यंत्र. तुझा हेतू चांगला होता हे सासूबाईंनाही मान्य आहे (दोनदा शिंकून मान्य केलं). घरची कथा तुला ठाऊकच. ह्यांना सदा उकडतं, सासूबाईंना सदा हुडहुडी. पंखा दोनवर की चारवर यावरून तीस वर्षं मायलेकांचं वाजतंय आणि बटणापाशी उभी मी. गेल्या महिन्यात हे रागाने म्हणाले, "आई, एवढी थंडी वाजते तर चुलीपाशी जाऊन बस." झालं! सासूबाईंनी ट्रंक भरली आणि कायमचं नणंदबाईंकडे जायचं ठरवलं. नणंदबाई चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एकदा वर चढलेल्या सासूबाई पुन्हा काही खाली उतरणार नाहीत, हे सगळ्यांना कळत होतं. तेव्हा तू म्हणालास, भांडण माणसांच्या हातात ठेवूच नका, यंत्राला ठरवू द्या.

ते आता ठरवतंय. साबणाच्या वडीएवढी डबी, पण हवेतली उष्णता मोजते, ओलावा मोजते, त्यावरून माणसाला कसं वाटत असेल याचा हिशोब करते आणि हीटर नाहीतर एसी आपला आपण लावते. (मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेली, म्हणून विचारलं की माणसाला कसं वाटतंय ते माणसालाच का विचारू नये? हे म्हणाले, शास्त्रात तू मध्ये बोलू नकोस.) पहिल्या सकाळी खोबरेल तेल बाटलीत दगड झालं होतं. हे हीटरपुढे हात पसरून बसले. डबीने क्षणभर विचार केला आणि एसी लावला.

डबीवर आकडा एकतीस. ह्यांनी पुस्तिका उघडली. तीत लिहिलेलं, हवेत ओलावा असला की आहे त्याहून जास्त उकडतं. मग काय, सगळा संशय ओलाव्यावर. मला घरात कपडे वाळत घालायची बंदी. पातेल्यावरचं झाकण काढायचं नाही. आंघोळीच्या वेळी दाराच्या फटीला टॉवेल. सासूबाई म्हणाल्या, "आता श्वास सोडायला गल्लीत जाऊ का रे?" ओलावा उतरला, पण एकतीस काही हलेना. यंत्र बंद करावं तर तेही नाही, कारण पुस्तिकेप्रमाणे ते पंधरा दिवस घराच्या सवयी शिकत असतं, मध्ये बंद केलं तर शिकलेलं विसरतं. थंडीच्या दिवसांत थंडी विकत घेणारं घर या गावात आमचंच असेल.

माझ्या खर्चाच्या वहीत मी आता हवाही लिहिते. कालची नोंद बघ: "सकाळी आठ. डबीच्या मते एकतीस. सासूबाई: दोन शाली. हे: कानटोपी, वर माझा स्कार्फ." संध्याकाळी तर दोघं एकाच रजईत बसून डबीकडे डोळे वटारत होते.

"आई, ही अगदी आपल्या आत्यासारखी. दुसऱ्याला काय वाटतं ते हीच ठरवणार."

"आत्या निदान दुपारी झोपायची तरी!"

तर दादा, या घरातून कधीच न लिहिलं गेलेलं वाक्य लिहिते: दोघांचं एकमत आहे. यंत्र तातडीने परत न्यावंस. (सासूबाई शेजारून सांगताहेत, "तातडीने"खाली रेघ मार. मारली.)

तुझी,
गारठलेली धाकटी

ता. क. पत्र दोघांनी वाचून पसंत केलं. हे पोस्टाची तिकिटं आणायला गेलेत, सासूबाईंना डुलकी लागली आहे, म्हणून आता खरं लिहिते. यंत्र नेऊ नकोस. परवा दोघं डॉक्टरकडे गेले असताना यंत्र तपासायला कंपनीचा मेकॅनिक आला आणि दारातूनच हसायला लागला. घराचा कारभार बघणारी वस्तू देवाजवळ असावी म्हणून ती डबी मीच देव्हाऱ्याच्या वर लावून घेतली होती. खाली दिवसभर दिवा. "काकू, ही घराचं नाही, दिव्याचं तापमान मोजतेय. बाजूला घेतो, पाच मिनिटांचं काम आहे." मी त्याला चहा दिला आणि डबीला हात लावू न देता वाटेला लावलं.

कारण दादा, आठ दिवसांत चौथ्या मजल्याचं नाव निघालेलं नाही. मायलेक एकमेकांना सोडून डबीशी भांडताहेत. सासूबाई गेल्या तर दुपारी माझ्याशी बोलणार कोण? ह्यांचं-माझं तीस वर्षांतलं बोलणं म्हणजे पंखा वाढव आणि पंखा कमी कर. दिवा विझवायचा नाही, तो देवाचा. डबी हलवायची नाही, ती तुझी भेट. यात माझं पाप कुठे बसतं ते मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

पुन्हा ता. क. रविवारी तू येशील तेव्हा आधी देवाला नमस्कार करशील आणि तुला सगळा प्रकार दिसेल. नमस्कार डोळे मिटून कर. आणि ह्यांनी विचारलं तर सांग, की या यंत्राला घर समजायला उन्हाळा उजाडतो, तोवर त्याला हलवायचं नसतं. तू जन्मात कधी खोटं बोलला नाहीस हे इथे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर हे तूच बोलायला हवंस.