नमुन्याची बाई

अकोला,
१७ नोव्हेंबर १९६३

प्रिय देवमन,

सप्रेम जयभीम. माझा ताप उतरला, काळजी नसावी. थंडी पडू लागली आहे, मायला माझी घोंगडी काढून दे.

आमच्या सल्लागार कंपनीचं तुलाही बोलावणं आलं, वाचून बरं वाटलं. नोकरी कशी आहे विचारतोस. चांगली आहे. गिरण्यांत, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनांत जायचं, यंत्रं नि कामाची पद्धत पाहायची, काय बदलावं ते मालकाला लिहून द्यायचं. शिकायला इतकं मिळतं की पदविकेची तीन वर्षं पोरखेळ वाटतात. ज्या जिनाच्या फाटकाशी आपले बाबा उभ्याने बोलत, तिथे मला खुर्ची मिळते आणि चिनी मातीच्या कपात चहा. तो चहा मला आवडतो, खोटं कशाला बोलू?

वाईट म्हणशील तर सारखी फिरती, ट्रंक कधी पुरती उघडत नाही. आणि सल्ला दिला की आपण गाडी पकडतो. पुढे तिथे काय झालं, ते आपल्याला दिसत नाही.

या वेळी मला दिसलं.

तू लिहितोस, गुडघ्यांमुळे मायने जिनातलं काम सोडलं. तिने सोडलं नाही, तिला काढलं. गेल्या महिन्यात त्याच जिनाचं काम माझ्याकडे होतं. कापसातला कचरा वेचणाऱ्या बायकांपैकी एक नमुन्याला घ्यायची आणि तासाभरात ती किती वेचते ते घड्याळ लावून मोजायचं, ही आमची रीत. मुकादमाने नेमकं मायला पुढे बसवलं. शेजारी आमच्या कंपनीचे साहेब उभे. ही माझी आई, हे माझ्या तोंडून निघालं नाही. तीही अनोळख्यासारखी बसली आणि असे हात चालवले की साहेब 'वा!' म्हणाले. त्या वेगाने वीस बायकांचं काम बारा जणी करतील, असं मी लिहून दिलं.

मालकाने आठ बायका काढल्या आणि उरलेल्यांना तोच वेग लावला. रोज तो मायलाही झेपेना. आठवड्यात तीही गेली.

गेल्या रविवारी तू वलगावला होतास, तेव्हा मी घरी येऊन गेलो. मायला विचारलं. म्हणाली, "माहा लेक घड्याळ धरून उभा, अन् मी हळू करू? सायबापुढं तुहं नाव व्हावं म्हनून चालवले हात. आता देवमनले काही सांगू नको. त्याले नोकरी लागून राहिली."

मी सांगतो आहे. त्या दिवशी गप्प बसलो, त्याची मला फार लाज वाटते.

काल कंपनीला कळवलं: माप चुकलं, नमुन्याची बाई माझी आई होती, दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्या. साहेब मला ठेवतील असं वाटत नाही. तुझं बोलावणंही रद्द होईल कदाचित. त्याबद्दल माझ्यावर राग धरलास तरी चालेल. रद्द न झालं तर मात्र नोकरीवर जरूर ये.

हे पत्र मायला वाचून दाखव. ती मधेच थांबवेल, तू थांबू नकोस. कंपनीच्या पत्राखाली केली, तीच सही इथे करतो.

केशरबाईचा मुलगा,
धर्मपाल