खेळातली हरवलेली किल्ली

दि. १४, मंगळवार

चि. ठिणगीस अनेक आशीर्वाद.

डावा गुडघा सोडला तर मी बरा आहे. तू बनवलेला संगणकावरचा खेळ पोचला. सोबतची चिठ्ठी दोन ओळींची, "खेळून बघा. काय जमलंय, काय फसलंय ते कळवा. महिनाअखेरपर्यंत बदलता येईल." पाच वर्षांनी दोन ओळी, आणि त्यात तब्येतीची चौकशीसुद्धा नाही. असो. माझी शाळा सातवीपर्यंतची, चुकलंमाकलं सांभाळून घे.

आधी जमलेलं. धुकं छान आहे. ओल्या फरशीवर कंदिलाचा उजेड पडतो तो खराच वाटतो. साक्षीदार खोटं बोलताना मान खाजवतात, हे तर अगदी बरोबर. गोदामाच्या किल्ल्या एकतीस वर्षं सांभाळल्या, तिथेही हेच पाहिलं. शिवाय अख्खं गाव मोकळं. कुठेही जा, कुणाचंही दार वाजवा.

आता फसलेलं. त्या मोकळ्या गावानंच जीव नकोसा केला. साधी सायकल नाही, गुप्तहेर आपला पायी वणवण करतो. कंदिलातलं तेल नेमकं तळघरात संपतं. आपण वळलो की नकाशाही वळतो, मला घेरी येते. माझी बोटं थरथरतात म्हणून बटणं शेजारचे कंपाउंडर दाबतात. ते म्हणतात, तुमच्या सूचना ऐकून भूतच गाव सोडेल.

आणि ती किल्ली! खोलीत मुलगी कोंडली गेली, तिची सकाळची गाडी चुकली, आता त्या खोलीची किल्ली शोधा. तीन आठवडे शोधली. विहिरीत उतरलो, कौलं उचकटली, टपालपेटीत हात घातला. मधूनच ते म्हातारं भूत जुडगा खुळखुळवत यायचं. आलं की मी म्हणायचो, पळा. कंपाउंडर पळायचे आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. ते वैतागले. हे मारत नाही, बोलत नाही, नुसतं दारात उभं राहतं, असल्या भुताला भ्यायचं कशाला, म्हणाले. मी विषय बदलला.

काल दुपारी त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "अहो, हे वाजतंय कशानं? किल्ल्यांनीच ना? मग आपण विहिरी कशाला उपसतोय?"

या वेळी ते पळाले नाहीत. भूत डावा पाय ओढत जवळ आलं. त्यांनी त्याच्या कमरेची किल्ली काढून घेतली, दार उघडलं, खेळ संपला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला कसं सुचलं नाही? जन्म किल्ल्यांत गेला तुमचा."

मी मान खाजवली.

सुचलं होतं. पहिल्याच दिवशी. डावा पाय ओढत चालणारा, जुडगा कमरेला लावणारा माणूस मी ओळखणार नाही?

तुझ्या मुलाखतीच्या सकाळी मी तुझ्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली हरवली म्हणून सांगितलं. तुझ्या आईनं घरातले सगळे डबे उपडे केले. तू आतून दार बडवत होतीस आणि किल्ली माझ्या खिशात होती. गाडी सुटल्यावर सुताराकडून कुलूप उचकटून घेतलं. तुझी आई वारली तीही किल्ली हरवली असंच समजून. तिच्यानंतर महिन्याभरात तूही न सांगता घर सोडून गेलीस. मला वाटायचं, निदान हे तुला ठाऊक नसेल.

तेव्हा खरी उणीव लिहितो. तुझा गुप्तहेर गावातल्या प्रत्येकाला प्रश्न विचारतो, पण भुताला एकही विचारता येत नाही. किल्ली हिसकावली की संपलं. तेवढं एक बटण घाल. गुप्तहेरानं भुताला एकदा तरी विचारावं, "का?"

एकटी पोर इतक्या लांब जाणार म्हणून मी घाबरलो होतो. तो राग नव्हता. पण बंद दाराआड राग काय आणि भीती काय, सारखीच ऐकू येते. उत्तर काही फार चांगलं नाही, मलाही कळतं.

किल्ली पाकिटात घातली आहे. जपून फोड, टोक बोटाला लागेल. त्या दाराला तेव्हापासून कुलूप नाही. नुसतं लोटलेलं असतं.

विचारशील याची वाट पाहणारा,
बाबा