आत्ताची नूतन ध्यानात येत न्हाई

मार्गासनी, ता. वेल्हे
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. नूतनला आज्जीचे लई लई आशीर्वाद. हितं सगळं बरं. वालाला शेंगा धरल्यात, गाय गाभण हाय, गुडघा त्याच्या मर्जीनं दुखतो. तू येळेवर जेवतीस ना?

फोनवर तू शिकवलंस ते ध्यान मी रोज करती. चूल पेटवायच्या आधी पाटावर बसायचं, डोळं मिटायचं, आवडती जागा फुडं आणायची, तिथली माणसं हसताना बघायची. परवा शेजारची साळूबाई ताक मागाय आली. म्हणली, "काय गं, ह्या वयात कसलं ध्यान?" मी म्हणलं, "मन हलकं व्हतंय." तर म्हणती, "ध्यानच बघायचं तर आरशात बघ की, हसू आपसूक येतंय." दोघी लई हसलो. मग तीबी शेजारी बसली अन पार घोरली.

मी आपल्या खाचरातली भातलावणी आणती. चिखूल, गार पानी, बाया वळीनं वाकलेल्या, तुजं आजोबा बांधावरनं उगाच वरडत्यात. अन तू आठ वर्साची, इरल्याखाली बसून भाकर खातीस, निम्मी खेकड्याला घालतीस. लई बरं वाटतं बघ.

पर तू म्हणलीस, आत्ताची माणसंबी आण. तितं गाडं आडतं. आत्ताची नूतन येतच न्हाई. फोनवरचा आवाज येतो, तोंड येत न्हाई. मोबाईलमधला फोटू आणून बघितला, तर तो हलत न्हाई, भाकर खात न्हाई. तीन वर्सं झाली की गं.

मागल्या खेपेला तू येष्टीत चढताना मी लग्नाचं काढलं. "फुडल्या टायमाला एकटी येणार आसशील तर येऊ नको" म्हणलं. तू खरंच आली न्हाईस. साळूबाईला मी सांगती, पोरीला सुट्टी न्हाई. तुला फोनवर सांगती, मजेत हाय. कागदावर तसं लिवायला हात चालंना.

चुकलं माजं. एकटी ये. दुपारच्या गाडीनं येऊन संध्याकाळच्या गाडीनं गेलीस तरी चालंल. मी काय बोलायची न्हाई. तुला भाकर खाताना नीट बघून घीन, म्हंजे तू गेल्यावर डोळं मिटलं की दिसशील.

तुला ध्यानात धरून बसलेली,
तुजी आज्जी